शेवटच्या गाडीतले मामा

"गाडी तापली, बाई," असं म्हणून मामा किल्ली फिरवायचे आणि आमचा टेम्पो भर घाटात बंद करायचे.

मग खाली उतरायचे. बॉनेट उघडायचे, कमरेवर हात ठेवून आत बघत उभे राहायचे. आत म्हणजे इंजिनाकडे नव्हे हं, बॉनेटच्या कडेने पुढच्या रस्त्याकडे. तिथे कुणीतरी घामाघूम झालेला सायकलवाला डावीउजवीकडे झुलत घाट चढत असायचा. तो वळणाआड गेला की मामा बॉनेट धाडकन आपटायचे.

"झाली गार. चला."

पुण्याच्या आसपासच्या सायकल शर्यती तुम्ही पाहिल्या असतील, तर पहिला घोळका गेला की टाळ्या वाजवून तुम्ही मिसळ खायला निघून गेला असाल. सगळेच जातात. त्यामुळे मामा तुमच्या नजरेला पडले नसणार. शर्यतीच्या अगदी शेवटी, शेवटच्या सायकलवाल्याच्याही मागे, एक गाडी असते. जो थकला, ज्याच्याने पुढे जाववत नाही, त्याने सायकल मागच्या हौद्यात टाकायची, आपणही चढायचं आणि शर्यत सोडायची. त्या गाडीवर मामा होते आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर घड्याळ घेऊन मी.

मी कसब्यातली. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. सायकल क्लबाने वेळेचं काम माझ्याकडे दिलं ते मी काटेकोर आहे म्हणून, असं माझं मत. ही दर रविवारी घराबाहेर राहावी म्हणून मीच शब्द टाकला, असं आमच्या ह्यांचं मत. असो.

आमचा नियम साधा होता. शेवटची गाडी ठरलेल्या वेगाच्या खाली यायची नाही. गाडी ज्याला ओलांडून पुढे जाईल तो बाद. गाडी शेवटच्या रेषेवर पोचली की शर्यत संपली, मागे पोलीस रस्ता मोकळा करणार. मात्र गाडी बिघडली किंवा काही कारणाने वाटेत अडली तर ती येईपर्यंत रेषा उघडी. हे शेवटचं वाक्य कुणी लिहिलं देवाला ठाऊक. मामांना लिहितावाचता बेताचंच यायचं, पण एवढं एक वाक्य त्यांना तोंडपाठ होतं.

मामा सासवडकडचे. सगळी नोकरी सिटी बस चालवण्यात गेली, स्वारगेट डेपोत. मी एकदा विचारलं, "मामा, गाडीत कुणी चढलं की तुम्हाला एवढं वाईट का वाटतं?"

"जल्मभर माणसं कोंबली की, बाई. दाराला लोंबकळत न्हेली. आता रिकामी गाडी आणायची हौस हाय."

गाडी रिकामी आली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. घरी मुलगा मेरिटमध्ये आल्यासारखे हौद्याची फळी उघडून दाखवायचे. "बघा, एक न्हाई!" आणि "बसा" हा शब्द त्या गाडीत बंद होता. मी आले तरी "या बाई" म्हणायचे, "बसा" म्हणायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, पुढच्या दमलेल्या माणसाच्या कानावर तो शब्द चुकून जरी गेला, तरी त्याचे पाय गळणार.

एकदा आयोजकांपैकी एका हुशार तरुणाने गाडीच्या मागे खराटा आणून बांधला. परदेशात शेवटच्या गाडीला झाडू लावायची पद्धत आहे म्हणे. फोटो छान येतात. मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खराटा सोडला आणि त्या तरुणाच्या हातात दिला.

"माणसं काय केर हायेत व्हय?"

तरुण म्हणाला, "मामा, ती इंटरनॅशनल ट्रॅडिशन आहे."

"मग तितंच झाडा."

पुणेरी माणसाला लाजवेल असा हा सासवडचा टोमणा. मी मनातल्या मनात त्यांना पैकीच्या पैकी देऊन टाकले.

गंमत म्हणजे इतकी वर्षं शर्यतीत असून मामांना एकही विजेता माहीत नव्हता. बक्षीस समारंभात मी एकदा त्यांना पुढे नेलं. स्टेजवर हार घालून उभ्या असलेल्या मुलाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ह्यो कोण?"

"अहो मामा, हा पहिला आला. गेल्या वेळीही हाच होता."

"असंल. आपल्याकडं कधी आला न्हाई." आणि समोसा घेऊन ते खाली जाऊन बसले. तिथे शेवटून दुसरा आलेला एक बँकवाला त्यांना शोधतच होता. दोघांनी अर्धा-अर्धा समोसा खाल्ला.

पण मंडळी, प्रत्येक शर्यतीत, प्रत्येक घाटात, नेमकी शेवटच्या माणसाच्या मागेच गाडी कशी तापते, हा प्रश्न कधीतरी कमिटीला पडणारच होता. माझ्याकडे चौकशी झाली. "गाडी जुनी आहे," एवढंच मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. मग पुढच्या मोसमात कमिटीने नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी आणली. पांढरीशुभ्र, आवाज नाही, धूर नाही. मामा तिच्याभोवती दोनदा फिरले.

"पाणी कुठं घालायचं हिच्यात?"

"पाणी लागतच नाही, मामा! ही तापतच नाही," खराटावाला तरुण खुशीत म्हणाला.

"कदीच न्हाई?"

"कधीच नाही."

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसा चेहरा झाला बिचाऱ्यांचा.

त्याच मोसमात अश्विनी आमच्या वाट्याला आली.

बिबवेवाडीची अश्विनी. तिला मी लहानपणापासून ओळखते, म्हणजे तिच्या पाठीला ओळखते, कारण ती सुटली की आम्हाला दिसायची ती पाठच आणि तीही मिनिटभरच. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीची व्यावसायिक टीम आहे, तीत ती पगारावर होती. देशभर शर्यती करायची. मग लग्न झालं, मुलगी झाली, सायकल भिंतीला टेकली. आता ती परत आली होती. टीमच्या मॅनेजरने तिला सांगितलं होतं, ही शर्यत वेळेत पूर्ण कर, जागा तुझी. नाहीतर बघू.

पुण्यात "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

शर्यत कोंढव्याकडून निघाली, बोपदेव घाट चढून पलीकडे सासवडच्या रस्त्यावर संपणार होती. घाटाच्या पायथ्यालाच अश्विनीचं चाक पंक्चर झालं. टीमची गाडी पुढे, जिंकणाऱ्यांच्या मागे. तिने एकटीने ट्यूब बदलली, तोवर सगळे निघून गेलेले. घाट निम्मा झाला तेव्हा तिच्या पुढे कुणी दिसत नव्हतं आणि मागे फक्त आम्ही होतो.

"ही कोण?" मामांनी विचारलं.

"अहो, ही नेहमी पहिली यायची."

"मग आज आपल्याकडं कशी?"

मी त्यांना सगळं सांगितलं. लेक, टीम, मॅनेजर, "बघू". मामा ऐकत होते आणि गाडी आपोआप हळू होत होती. मी घड्याळ पाहिलं. ठरलेल्या वेगाच्या कधीच खाली आलो होतो आम्ही.

"मामा, नियमाप्रमाणे आता गाडी पुढे काढावी लागेल."

"व्हय," मामा म्हणाले. काढली मात्र नाही.

तेवढ्यात अश्विनीच्या पोटरीत गोळा आला. तिने पाय टेकला आणि हँडलवर डोकं ठेवलं. गाडी तिच्या बरोबरीला येऊन थांबली. तिने मान वर करून खिडकीतून आत पाहिलं. काय सांगू तुम्हाला, फार वाईट नजर होती ती. कुणीतरी फक्त "बस गं" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. माझ्या तर जिभेवर आलं होतं.

मामांनी बटण दाबून माझ्या बाजूची काच वर केली.

अश्विनी बघतच राहिली. मग तिला राग आला असावा. तिने पाय पेडलवर ठेवला, एक हिसका दिला, आणि निघाली. हळूच, पण निघाली. आता मात्र आम्हाला थांबायला कारण नव्हतं. गाडी तापणारी नव्हती आणि मागे पोलिसांची गाडी हॉर्न वाजवत होती.

मामांनी ब्रेक दाबला, छातीवर हात ठेवला. "बाई, कसंतरी व्हतंय." आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

 मी घड्याळ टाकलं, वॉकी-टॉकी उचलला आणि ओरडले, "डॉक्टर! घाटात या! मामांना अटॅक आलाय!" मामांच्या शर्टाची बटणं काढली, नियमांच्या पुस्तिकेने वारा घालायला लागले. रामरक्षा म्हणायला घेतली, तर दुसरी ओळच आठवेना. इतक्या वर्षांत मी या माणसाशी वेग सोडून दुसरं काही बोललेच नाही असं वाटलं, आणि रडू फुटलं.

मामांनी एक डोळा उघडला.

"वळनापल्याड गेली का?"

"कोण?"

"ती वो."

आयुष्यात मला एवढा राग येऊन त्याच वेळी एवढा आनंद कधी झाला नव्हता. त्याच पुस्तिकेने मी त्यांच्या दंडावर दोन फटके मारले. "मेलात असं वाटलं मला! काळीज आहे का तुम्हाला?" आणि पुन्हा रडले. मामा ओशाळून हसत होते.

तोवर शर्यतीचे डॉक्टर मोटरसायकलवरून आले. "बरं हाय आता, गॅस असंल," मामा उठून बसत म्हणाले. पण मीही कसब्यातली. एवढं रडवल्यावर मी त्यांना सोडते की काय! डॉक्टरांना नाटकाबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. पुस्तिका उघडली आणि वाचून दाखवलं, चालकाने छातीची तक्रार केल्यास त्याला तपासणीसाठी रुग्णालयात न्यावं.

"बाई, अवो..."

"नियम म्हणजे नियम, मामा. नाटक सुरू केलंत ना? आता तिसरा अंकही होऊ दे."

अ‍ॅम्ब्युलन्स आली. मामा माझ्याकडे रागाने बघत चढले. जाता जाता म्हणाले, "आज मीच गाडीत बसलो की वो."

पर्यायी ड्रायव्हर येईपर्यंत आमची पांढरी गाडी घाटातच उभी राहिली. तोवर पलीकडे अश्विनी शेवटच्या रेषेवर पोचली होती. कमान उतरवायचं काम सुरू झालं होतं, टाळ्या वाजवायला दोन पोलीस आणि एक चहावाला. पण रेषा उघडी होती. मॅनेजरला "बघू" म्हणायची सोय राहिली नाही.

संध्याकाळी रुग्णालयातून फोन आला. मामांच्या हृदयाच्या दोन नसा जवळजवळ बंद झालेल्या. आणखी थोडे दिवस गेले असते तर काही खरं नव्हतं, डॉक्टर म्हणाले, बरं झालं वेळेत आणलंत. मी फोन ठेवला आणि तशीच खाली बसले. ह्यांनी विचारलं, काय झालं?  मला हसूच येत होतं. मामा वाचले होते.

स्टेंट बसल्यावर अश्विनीला घेऊन मी भेटायला गेले. मामा उशाला टेकून बसले होते. "या, या," म्हणाले. आम्ही दोघी सवयीने उभ्याच.

अश्विनीने विचारलं, "मामा, काच का वर केलीत त्या दिवशी? मनाला किती लागलं माहितीये?"

"तू बसली असतीस, पोरी."

 ती त्यांच्या पायाशी चादर उगाच सारखी करत राहिली. तिचे डोळे भरलेले मामांना दिसले असणार, कारण ते खेकसले, "बसा की आता. हितं चालतंय बसलेलं."

गाडी चालवणं डॉक्टरांनी बंद केलं. माझ्या शेजारी आता एक तरुण ड्रायव्हर असतो. गुणी मुलगा आहे, वेग काट्यावर ठेवतो, मला "बसा मॅडम" म्हणतो. पहिल्या दिवशी ते ऐकून माझ्या काळजात चर्रर्र झालं. घाट आला की माझं लक्ष उगाच बॉनेटकडे जातं.

परवाच्या शर्यतीत हौशी मंडळींसाठी सपाट रस्त्यावरची एक छोटी फेरी होती. तिलाही आमचेच नियम. सगळे भराभर पुढे गेले आणि एकच सायकलवाला मागे राहिला. काळी जुनी सायकल, पायजम्याला क्लिपा, टोपीवर हेल्मेट, पाठीवर नंबर. डॉक्टरांनी रोज सपाटीवर सायकल चालवायला सांगितलं होतं म्हणे, आणि घरच्यांना न सांगता यांनी शर्यतीत नाव दिलेलं. चढ नसतानाही डावीउजवीकडे झुलत चालले होते.

"मॅडम, स्पीड फारच कमी झालाय. पुढे काढू का?" ड्रायव्हरने विचारलं.

मी घड्याळाकडे पाहिलं. मग ते पर्समध्ये ठेवलं.

"थांबव."

"का?"

"गाडी तापली."

"मॅडम, ही इलेक्ट्रिक आहे. ही तापत नाही."

"तापली म्हटलं ना? उतर खाली, आणि बॉनेट उघडून उभा राहा."

बिचारा उतरला. बॉनेट उघडून आत काय बघायचं ते न कळून उभा राहिला. मी खाली उतरून त्याच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. पुढे मामांनी एकदा मागे वळून पाहिलं. उघडं बॉनेट दिसलं असावं, कारण त्यांनी घंटी वाजवली, एकदाच, आणि मान खाली घालून पेडल मारायला लागले.

ते वळणाआड गेल्यावर मी बॉनेट धाडकन आपटलं. त्या दिवशी आमची गाडी रिकामी आली.