अण्णांचं गाणं आणि डीजेचं 'पहिल्यांदाच'

मंडळी, आज दुपारी सिन्नरला मावसभावाच्या वरातीत माझं डोकंच फिरलं.

चमचमते कपडे घालून, तोंड रंगवून गाणाऱ्या इंग्लिश रॉकवाल्यांचं एक जुनं गाणं आमच्याकडे वरातीत आणलं ते बँडमास्तर अण्णांनी. कॅसेट ऐकून सारेगममध्ये वहीत उतरवलं आणि पंधरा वर्षं क्लॅरिनेटवर वाजवलं.

आज नवरदेवाच्या मित्रांनी अण्णांना मध्येच थांबवून डीजेला तेच गाणं लावायला सांगितलं. वर डीजे माईकवर म्हणतो, "नाशिक जिल्ह्यात पहिल्यांदाच."

पाच मिनिटांत जनरेटर बंद पडला. तेच मित्र धावत आले, "अण्णा, वाजवा ना."

अण्णांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवली आणि वही डीजेच्या हातात दिली. "घे, वाजव आता पहिल्यांदाच."

मावशी अजून अण्णांवरच चिडलीय. तुम्हीच सांगा, त्यांचं काय चुकलं?