अण्णांचा गावचा वाटा

मंडळी, आज लेक पहिल्या घराच्या सरकारी मदतीचा अर्ज भरत होती. ‘स्वतःच्या नावे घर आहे का?’ तिनं पटकन ‘नाही’ लिहिलं.

साठच्या दशकात, शहरात जयनगरच्या घरासाठी सरकारी कर्ज मागताना, माझे वडील, अण्णा, याच प्रश्नावर अडले होते. गावच्या घरात त्यांचा वाटा होता. तिथं त्यांची विधवा बहीण राहायची.

कारकून म्हणाला, “‘नाही’ लिहा की अण्णा. गावात कोण बघायला जातंय?”

अण्णा कोरा अर्ज घेऊन परतले. गावी जाऊन वाटा आत्याच्या नावे केला, मगच ‘नाही’ लिहिलं.

वास्तुशांतीला आत्या गावच्या परसातलं कढीपत्त्याचं रोप घेऊन आली. “अण्णा, हा तुझा वाटा.”

ते झाड जयनगरच्या अंगणात अजून आहे. लेक विचारतेय, फ्लॅटच्या कुंडीत त्याचं रोप जगेल का?