दोन चौकोनांमधली फट

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या ओळखीतले लोक म्हणतात, सरांनी डोळ्यांमुळं चित्रं सोडली. ते खरं नाही.

सर आणि मी एकाच शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्तीनंतर ते छावणी भागातल्या एका खोलीत मोठे कॅनव्हास रंगवू लागले. पांढऱ्यावर राखाडी चौकोन, बाकी काही नाही. मी चिडवायचो, "सर, बाकीचं चित्र कधी काढणार?"

"बाकीचं पुसत पुसतच इथवर आलो की."

एका लहान सभागृहात त्यांचं पहिलं प्रदर्शन ठरलं. सभागृह माझ्या घराजवळ, म्हणून आदल्या दिवशी चित्रं माझ्याकडं ठेवली. एका चित्रात दोन चौकोनांमधली फट वर अरुंद आणि खाली किंचित रुंद होती. मला वाटलं, हात हलला असेल. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या सरावाला पोरांचे कागद न विचारता ओढून घ्यायचे आणि रेघ सुधारून द्यायची, ही आम्हा मास्तरांची जन्माची सवय. मी चिकटपट्टी लावली, ॲक्रिलिक कालवलं आणि फट सरळ केली. रंग इतका जुळला की माझंच मला कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर त्या चित्रासमोरून हलेनात. "ही फट खाली उघडत होती. सगळा उन्हाळा तेवढ्यासाठी घातला मी. सरळ कशी दिसायली?"

भोवती पाहुणे होते. मी म्हणालो, "वय झालं सर. हात करतो एक, डोळ्यांना दिसतं दुसरंच."

ते हसले. "व्हय, असंल."

त्यानंतर त्यांनी ब्रश धरला नाही. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. सरांना ते पटलं नाही. खोली सोडून ते वैजापूरला मुलीकडं गेले.

मी एकदा तिथं गेलो, सांगायचं ठरवूनच. मुलीनं नवीन कपाट घेतलं होतं. सर म्हणाले, "भिंतीला सरळ लागलंय का बघा. मला काय भरवसा नाय."

"सरळ आहे," मी म्हणालो. चहा आला. कांद्याच्या भावावर बोललो आणि बस पकडली.

गेल्या हिवाळ्यात सर वारले. आता संध्याकाळी फोन करावा असं कुणी उरलेलं नाही. तो चहा पिताना एवढंच म्हणायचं होतं: सर, तुमची नजर शाबूत आहे. ती फट मी सरळ केली. मला माफ करा.