छताला चिकटवलेले पेपर

परभणीहून एस.टी.नं दोन तासांवरच्या एका बाजारगावात मी सातवीला गणित शिकवायचो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. राहायला पत्र्याची एक खोली होती. एप्रिलात दुपारी तिच्यात बसलं की डोकं भणभणायचं. बायको माहेरी बाळंत झाली होती आणि दीड महिन्याचं लेकरू घेऊन रविवारी येणार होती. ते ह्या भट्टीत कसं तगणार, ह्या काळजीनं मी पत्र्याखाली आतून छत टांगायचं ठरवलं. सुतार बोलवायचा नाही, सगळं आपल्या हातानं करायचं, हा ताठाही होताच.

पोती दिली वर्गातल्या एका मुलीच्या बापानं. तो अडतीवर हमाल होता. "पोत्याचं काय घेऊन बसलात सर, पायजे तेवढी न्या," म्हणाला आणि स्वतःच खोलीवर आणून टाकली. मी बांबूच्या कामट्यांची चौकट केली, पोती उसवून तिच्यावर ताणून शिवली आणि ती वाशांना तारेनं टांगली. सांगायला सोपं आहे. एक बाजू वर घेतली की दुसरी झोळीसारखी लोंबायची. ह्या खटाटोपात तीन दिवस गेले आणि वार्षिक परीक्षेचा गठ्ठा टेबलावर तसाच राहिला.

शनिवारी निकालपत्रक द्यायचं होतं. निम्मे पेपर छताच्या कामाआधीच तपासून झाले होते. उरलेल्यांना मी चेहरे आठवून गुण दिले. हुशार पोरांना साठ-सत्तर, मधल्यांना चाळीस. हमालाची पोर दाराजवळ खाली मान घालून बसायची, कधी हात वर करायची नाही. तिला बावीस दिले. आज हे लिहिताना हात अडखळतो. तेव्हा अडखळला नाही, ह्याचीच लाज वाटते.

पोत्यांतून धूळ गळत होती, म्हणून खालून कागद लावायचा होता. घरातली रद्दी पुरेना. मग न तपासलेले ते पेपरच सुटे करून खळीनं चिकटवले. पुन्हा कुणी मागायला नको, असंही मनात होतं. कोऱ्या बाजू खाली ठेवत गेलो, पण शेवटी एका कोपऱ्यात लिहिलेली बाजू खाली आली. खुर्चीवर उभं राहून मान मोडून आली होती. म्हटलं, कोण बघतंय.

बायको छतावर खूश झाली. लेकरू दुपारचं झोपू लागलं.

जूनमध्ये शाळा उघडताना हमाल मुलीला घेऊन खोलीवर आला. "नापास झाली, सर. आता बास म्हणतो. दाखला द्या, रानात धाडतो हिला." मग वर बघून हसला. "छत मातर लय बेस झालंय. पोती कामाला आली म्हणायची."

मुलीनंही वर बघितलं. कोपऱ्यावर तिची नजर थांबली आणि ओठ हलू लागले. मीही तिकडं बघितलं. तिचंच अक्षर होतं. ओळीनं पाच गणितं, उत्तरांखाली दोन-दोन रेघा. लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. पाचही बरोबर होती, ते मला बसल्या जागेवरून कळलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. आता सांगावं, असं फार वाटलं. पण मुख्याध्यापक आठवले, नोकरी आठवली. पाळण्यात लेकरू होतं. मी म्हणालो, "एक वर्ष पुन्हा बसवा तिला."

"न्हाई सर, गणित तिच्या डोक्यातच शिरत न्हाई. तुमी तर लय शिकवलं असंल."

पाळणा हलवणाऱ्या माझ्या बायकोकडं मुलीनं एकदा बघितलं आणि बापाच्या मागं निघून गेली.

सोमवारी दाखला मीच लिहिला. शाळा सोडण्याचं कारण म्हणून एक रकाना असतो. त्यात मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'पालकांची इच्छा'.