थोरलीची कंबर

लॉन्ड्रीत दिवसभर उभं राहून इस्त्री करायची आणि घरी येऊन सासूबाईंना उचलायचं, यात थोरलीच्या कमरेचा पार भुगा झाला होता. सासूबाईंचं डावं अंग लुळं पडलेलं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, सगळं थोरलीच्याच हातांनी. धाकट्या सुनेने हात पुढे केला की त्या तोंड फिरवायच्या. सुरुवातीला थोरलीला त्यात मोठेपणा वाटायचा. तो वाटेनासा झाला तेव्हा बोलायची सोय उरली नव्हती.

दुखणं तिने अंगावर काढलं. मग धाकट्या जावेने आपल्याकडच्या दोन गोळ्या दिल्या. कंबर सैल झाली, पण पोटात आग पडली. म्हणून कामावरून येताना ती मेडिकलमध्ये शिरली आणि काउंटरवरच्या बाईंना म्हणाली, "कमरेसाठी सगळ्यात जोरदार गोळी द्या."

बाईंनी आधी चौकशी मांडली. बीपीची गोळी चालू आहे का, पित्त होतं का, पायाला मुंग्या येतात का. बीपीची गोळी चालू आहे, एवढं सांगून थोरली वैतागली, तिला गोळी हवी होती, मुलाखत नको. जावेच्या गोळीचं नाव ऐकून बाईंनी मान हलवली. बीपीच्या औषधाबरोबर ती मनाने घ्यायची नाही, पोटालाही बाधते, असं सांगून त्यांनी साधी पॅरासिटामॉल पुढे ठेवली. पाकिटावर लिहिलंय त्याहून जास्त नको आणि उतार पडला नाही तर सरळ डॉक्टरकडे जा, असंही बजावलं.

"याने थांबेल?"

"थोडं कमी होईल. पण रोज एवढं काय उचलता?"

"सासूबाई," थोरलीच्या तोंडून निघालं, आणि तिचं तिलाच हसू आलं.

घरी गोळी घेऊन ती गरम पाण्याची पिशवी पाठीशी धरून बसली. सासूबाई पलंगावरून बघत होत्या.

"मी जड झालेय का गं?"

"कुठे, आई. पिसासारख्या तर आहात."

"मग पीस उचलून कंबर धरली होय तुझी?"

थोरलीने पिशवी थोडी खाली सरकवली. खोटं रेटायचंही त्राण नव्हतं. सासूबाईंनी धाकटीला हाक मारली. ती हात पुसत आली आणि दारातच थबकली.

"ये, या बाजूने धर. नखं लागू देऊ नकोस."

पहिल्या दिवशी काही धड जमलं नाही. सासूबाई कुरकुरल्या, धाकटी रडकुंडीला आली. थोरलीची कंबरही लगेच सुटली नाही. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. पण पुढे पुढे ती घरी यायची तेव्हा सासूबाई खुर्चीत बसलेल्या असायच्या, आणि चपला काढून ती आधी स्वतः टेकायची.