मामाचा अल्बम आणि लाखोरीतली माकडं

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, म्हणून मामाच्या गाण्यांचा अल्बम काढायचं काम माझ्याकडे आलं. माझा विषय इतिहास होता. पण शिकलेल्या माणसाला अल्बम काढता आलाच पाहिजे, असं मामाचं म्हणणं. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत जायला मला सायकल त्यानेच घेऊन दिली होती. कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून सहीही त्याचीच. नाही कसं म्हणणार?

मामा शेती करतो आणि दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, गातो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते. मिठाईची दुकानं, पाळणे आणि भर दुपारी मांडवात दंडार. गाणी मामा स्वतः रचतो. पण मंडईत लोक गाण्यापेक्षा एकमेकांना भेटायला येतात, त्यामुळे दोन कडव्यांच्या मधे गायकाला लोकांवर रागवावं लागतं, तेही ढोलकीचा ठेका न सोडता. मामा त्यात पटाईत. "मांगचे, खाली बसा गा. ओ टोपीवाले, पोराले पकडा." की लगेच पुढचं कडवं.

"मंडईत शब्द कोनी आयकत नाही," तो मला म्हणाला. "अल्बम निघाला का घरी बसून आयकतील. एका मानसानं जरी सगळे शब्द आयकले, तरी मले पुरे."

गोंदियात एक स्टुडिओ मिळाला. बंद खोलीत एकट्याने गायला मामाला जमेना, म्हणून मामी आणि मी समोरच्या बाकावर प्रेक्षक झालो. पहिलं कडवं झकास झालं. मग मामाने आमच्याकडे पाहून डोळे वटारले आणि गरजला, "मांगचे, खाली बसा गा."

आमच्या मागे भिंत होती.

"मामाजी, बीच में डांटना नहीं है," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाले म्हणाले.

मामाने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा कडवं, पुन्हा दरडावणी. चौथ्या वेळी मामी वैतागली. "बसलीच तं आहो मी. आनखी किती खाली बसू?"

"त्याच्याबिगर पुढचं कडवं तोंडात येतच नाही," मामा म्हणाला. त्याला खरंच घाम फुटला होता.

शेवटी आमची वेळ संपत आली. "रहने दो, लाइव लगेगा," रेकॉर्डिंगवाले म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेला मी. मान डोलावली.

सहा गाणी पेनड्राइव्हवर भरून मी मंडईत वाटली. मामा भेटेल त्याला विचारायचा, "आयकला का गा?" लोक म्हणायचे, "आयकतो ना भाऊ, सवडीनं." ती सवड कोणाला मिळाली नाही.

मग कामठ्याहून मामीच्या भावाचा फोन आला. त्याने लाखोरीच्या, म्हणजे लाखेच्या डाळीच्या, राखणीसाठी शेतात भोंगा लावला होता आणि हाताला लागला म्हणून हाच पेनड्राइव्ह त्यात खुपसला होता. गाणं चालू असेपर्यंत माकडं निवांत लाखोरी खात. मामा "मांगचे" म्हणाला की सगळी बांधापलीकडे.

आठवडाभरात अल्बमला मागणी आली. लोक "माकडाचा पेनड्राइव्ह" मागू लागले. एक शेतकरी तर घरीच येऊन बसला. "सर, गाना काहाडा, नुसता वरडना ठेवा."

"गाना काहाडला तं माझं काय रायलं त्याच्यात?" मामा हळूच म्हणाला.

पदवीच्या जोरावर मी सांगितलं, कापता येत नाही. येत होतं. त्या शेतकऱ्याने ते दुसरीकडून कापून आणलंच. दोन दिवस माकडं पळाली. तिसऱ्या दिवसापासून त्यांना सवय झाली आणि बसा म्हटल्यावर ती बसूनच खाऊ लागली. मधे गाणं असलं की आरोळी कधी येईल याचा त्यांना अंदाज लागत नसावा. तो शेतकरी पुन्हा अख्खा अल्बम मागायला आला. मामाने तो दिला, पण चेहरा काही उजळला नाही.

लाखोरी काढणीला आली तेव्हा मामा आणि मी मोटारसायकलवर कामठ्याला निघालो होतो. रस्त्याकाठच्या शेतात मामाचाच आवाज चालू होता. मामाने गाडी थांबवली. बांधावर एक म्हातारी राखण करत बसली होती.

"गाना कसा आहे, माय?" मामाने परक्यासारखं विचारलं.

"गाना बरा आहे. पन गानेवाला मोजनीत कच्चा आहे."

"काऊन?"

"रोवन्याच्या गान्यात पहिल्या कडव्यात बाईले दोन पोरी. तिसऱ्या कडव्यात तीन पोरी धान रोवतेत. तिसरी कोठून आली? दिवसभर हेच आयकून राहिली मी."

मामाने गाडी सुरू केली आणि आम्ही निघालो. त्याच्या मागे बसून मी त्याची समजूत काढायला वाक्यं जुळवत होतो.

"तीस वर्षांत कोनी नाही पकडलं गा हे," तो म्हणाला. "तिसरी शेजारनीची आहे. मदतीले आली. ते मी गान्यात टाकाचं विसरलो."

पुढच्या फाट्यावर त्याने गाडी वळवली आणि म्हातारीला हे सांगायला आम्ही परत निघालो.