अर्जवाल्या काकांचा नामंजूर अर्ज

अर्जवाल्या काकांचं या वयात इंटरनेटवर कुणा बाईशी जमलंय, ही कुजबुज कचेरीच्या फाटकापाशी उठली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुसऱ्या मजल्यावर पोचलीसुद्धा. शेजारच्या झेरॉक्सवालीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचे डोळे तिच्या मशीनपेक्षा तेज. फक्त प्रत निघताना मूळ मजकुरात थोडी भर पडायची. तर म्हणे, रोज दुपारी दीडला काका मोबाइल पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून बसतात, वाचतात, परत वाचतात आणि चष्मा पुसतात. आणखी काय पुरावा हवा?

माणूस तसा सरळ. एकतीस वर्षं कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून देणारा. नावातली दुरुस्ती असो की हरवलेला दाखला, काका दहा मिनिटांत कागदावर उतरवून मोकळे. हिवाळाभर अंगात बायकोनं विणलेला एकच करडा स्वेटर. "अठरा वर्षं झाली, टाका हललेला नाही," हे ज्याला त्याला ऐकवायचे. बायको वारली, तरी ऐकवणं थांबलं नाही.

ती गेल्यावर वर्षभरानं मुलीच्या बोलण्यातून निघालं की आई विणकाम करणाऱ्यांच्या एका छोट्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरच्या कट्ट्यावर, लिहायची. सहा वर्षं. काकांना याचा गंधसुद्धा नव्हता.

मुलीनं समजावलं, की हे एका कंपनीचं दुकान नव्हे. असे पुष्कळ सर्व्हर असतात, ज्याचा तो चालवतो, आणि एकावर नाव नोंदवलं की बाकीच्यांशीही बोलता येतं.

"ते ठीक आहे गं, पण मुख्य कार्यालय कुठलं?"

"मुख्य कार्यालय नाहीच, बाबा."

काकांना हे काही पचेना. त्यांनी आपलं यादीतल्या सगळ्यात मोठ्या सर्व्हरवर नाव नोंदवलं. तिथून बायकोच्या टोप्या आणि मोज्यांचे फोटो तेवढे दिसले. मुलगी म्हणाली, लिहिलेलं सगळं आईनं फक्त तिच्या सर्व्हरवाल्यांपुरतं ठेवलंय. वाचायचं तर तिथंच नाव नोंदवायला हवं.

तिथं मात्र दारातच प्रश्न होता: इथे का यायचं आहे? अर्ज म्हणजे काकांच्या डाव्या हातचा मळ. त्यांनी विषय घातला, संदर्भ घातला, 'सविनय सादर करण्यात येते की' म्हणून तीन परिच्छेद लिहिले, खाली 'आपला नम्र'. दुसऱ्या दिवशी अर्ज नामंजूर. सर्व्हर चालवणाऱ्या बाईंनी शेरा मारला होता: 'हे यंत्रानं लिहिल्यासारखं वाटतं. माणूस असाल तर पुन्हा लिहा.'

चार दिवस काका दुसऱ्यांचे अर्ज लिहीत राहिले. स्वतःसाठी ओळ सुचेना. बायको तिथं आत होती आणि हे बाहेर ताटकळत. पाचव्या दिवशी त्यांनी लिहिलं: 'मला विणता येत नाही. माझी बायको तुमच्याकडे लिहायची. ती वारली. घरी ती बोलत नसे की मी ऐकत नसे, ते आता आठवत नाही. तिनं काय लिहिलंय ते वाचायचं आहे.' खाली नम्रबिम्र काही नाही, फक्त तिचं नाव.

संध्याकाळी उत्तर आलं, 'या. त्या इथे खूप बोलायच्या.'

पहिलीच नोंद उघडली ती अशी: 'यांच्या स्वेटरचा उजवा कोपर टेबलावर घासून दरवर्षी विरतो. हे बाहेर गेले की मी तेवढा भाग उसवून नव्यानं विणते. यांना वाटतं, लोकर चांगली आहे.'

काकांनी हात वळवून कोपर चाचपला. बोट आरपार गेलं.

त्या दिवसापासून अठरा वर्षांची टिमकी बंद झाली. एकूण दोनशे अकरा नोंदी होत्या. काकांनी दिवसाला एकच वाचायची ठरवली.

शेवटी झेरॉक्सवालीला राहवलं नाही. तिनं तोंडावरच विचारलं, "काका, खरंच कुणी आहे का हो?"

"आहे," काका म्हणाले. "फार छान लिहिते."

झालं, कचेरीला आणखी महिनाभराची बेगमी मिळाली.

बाई होती, एवढं खरं. ती त्यांची बायको होती. ती वारून चौदा महिने झाले होते.